खानापूरचा पाऊस, अथणीचं ऊन आणि केसांचा ब्रश

केस पिंजारतात ही तक्रार एकच वाटते, पण तिच्यामागे दोन निराळी दुखणी आहेत. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला ती ओळखायला फार लांब जावं लागत नाही. जुलैत जांबोटीहून कणकुंबीच्या बाजूला बसने निघा आणि खिडकीशी बसा. उतरेपर्यंत केस दीडपट दिसायला लागतात, सकाळी सरळ केलेली बट मूळच्या वळणावर जाते आणि कपाळालगतचे बारीक केस गोल वळून उभे राहतात. आता जानेवारीत अथणी-रायबागकडे कुणाच्या लग्नाला जा. तिथे केस हलके आणि कोरडे. कंगवा जवळ नेला की त्याच्या मागे धावतात, पॉलिएस्टरच्या ब्लाउजला चिकटतात, वेणीतून एकेक सुटून हवेत तरंगतात. घाटमाथ्यावर हवेत पाणी जास्त, पूर्वेच्या कोरडवाहू पट्ट्यात कमी. जिल्हा एकच, पण केसांचं वागणं अगदी उलट.

वडगावातली आमची मावशी दोन्हीला एकच उपाय सांगते, "केसं उठल्यात गे, जरा तेल लाव की." तेल दोन्हीकडे थोडंथोडं काम करतं, म्हणून तो सल्ला पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ब्रश विकणारे मात्र खोक्यावर "फ्रिझ (म्हणजे हे पिंजारणं) घालवतो" एवढंच छापतात आणि कुठला फ्रिझ हे सांगत नाहीत. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या मोल्डचं, म्हणजे साच्यांचं, डिझाइन करते, त्यामुळे माझं लक्ष आधी ब्रशच्या दातांकडे जातं. ते किती जाड आहेत, किती लांब, टोकाला कसे, कशात रोवलेले. केस बसतात की उठतात हे त्यावर बरंच ठरतं. पण दातांचं गणित कळायला आधी केस कळायला हवा.

केसाच्या अंगावरचे खवले

माणसाचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढा. त्याच्या बाहेरून पारदर्शक खवले असतात, एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेने. एक खवला जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड, पण असे सहा ते दहा थर मिळून केसाचं कवच बनतं. आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. केसाला ताकद देतात ते हे तंतू, आणि झिजण्यापासून वाचवतात ते खवले.

खवल्यांची दिशा डोळ्यांना दिसत नसली तरी बोटांना कळते. डोक्यावरचा एक लांब केस दोन बोटांच्या चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे ओढा, तो सरळ निसटतो. टोकाकडून मुळाकडे ओढा, तो किंचित अडतो, कधी कधी बारीक करकर ऐकूही येते. एकाच केसाचं घर्षण दोन दिशांना दोन तऱ्हेचं असतं. गुंता होतो तो यामुळेच. शेजारशेजारचे दोन केस उलटसुलट पडले की एकाचे खवले दुसऱ्यात अडकतात, आणि हलवलं की ते आणखी आत जातात, बाहेर येत नाहीत. लोकरीचं कापड गरम पाण्यात चोळलं की आटून घट्ट होतं, तेही याच कारणाने.

याचीच टोकाची अवस्था म्हणजे जट. केस बरेच महिने विंचरले नाहीत, त्यात तेल आणि धूळ बसली, की खवले एकमेकांत रुतून दोरखंड तयार होतो. सौंदत्तीच्या डोंगराच्या आसपासच्या मुलखात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं असं मानलं जायचं, आणि त्या समजुतीपायी कितीतरी मुलींना देवदासी केलं गेलं. कर्नाटकात त्यावर बंदी घालणारा कायदा १९८२ साली झाला. घर्षणाचा एक साधा नियम वेळीच कुणी समजावून सांगितला असता तर, असं अजूनही मनात येतं.

खवल्यांवर आणखी एक अदृश्य थर असतो, मेदाचा. डोक्याच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलाचा हा थर नव्हे. हा खवल्यांना रासायनिक बंधाने जोडलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या धुण्याने जात नाही. तो शाबूत असेपर्यंत पाणी केसावरून घरंगळतं. ब्लीच, कडक रंग, सोड्यासारखे तीव्र क्षार, ऊन आणि सततची घासाघाशी यांनी तो जातो, आणि मग तोच केस पाणी पिऊ लागतो.

इथे केसाच्या वयाचा हिशोब मांडला पाहिजे. केस महिन्याला सुमारे १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत आलेल्या ६० सेंटिमीटरच्या वेणीचं टोक म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेला केस. चार-पाच पावसाळे, तेवढेच उन्हाळे, रोजची विंचरणी, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, लग्नातला हेअरस्प्रे, सगळं त्या टोकाने सोसलेलं असतं. मुळाशी सहा-दहा थर असतात, तिथे टोकाला कधी कधी एकही उरत नाही. त्यामुळे एकाच केसावर मुळाशी एक ब्रश चांगला ठरतो आणि टोकाशी तोच ब्रश घात करतो.

ओलं दुखणं

केस पाणी पितो तेव्हा काय होतं हे १७८३ साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी नीट मांडलं. त्यांनी माणसाचा केस धुऊन, त्यातलं तेल काढून, एका काट्याला बांधला आणि हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र बनवलं. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेलं तर केस लांबीने साधारण २ टक्के वाढतो. पुढे कितीतरी वर्षं वेधशाळांमध्ये केसांच्या जुडीवर चालणारी आर्द्रतालेखक यंत्रं होती. म्हणजे पावसाळ्यात आपलं डोकं जे करतं ते काही बिघाड नाही, केसाचा तो धर्मच आहे.

लांबी २ टक्के वाढते, पण जाडी पाण्यात भिजल्यावर सुमारे १५ टक्के वाढते. ही फुगवण सगळीकडे सारखी झाली असती तर केस नुसता जाड झाला असता. पण केसाच्या दोन बाजू सारख्या पाणी पीत नाहीत. वळणदार केसात तर नाहीच नाही. एक बाजू जास्त फुगली की केस दुसरीकडे वळतो. शेजारचा केस आपल्या मर्जीने वेगळ्या दिशेला वळतो. हजारो केस असे वेगवेगळे वळले की एकसंध बट राहत नाही, डोक्याभोवती धुकं उभं राहतं.

शिवाय केसाच्या आत दोन तऱ्हेचे बंध असतात. एक पक्के, गंधकाचे, जे पर्म किंवा कायमचं सरळीकरण करणाऱ्या रसायनांशिवाय तुटत नाहीत. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे, जे पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात हे कच्चे बंध त्याला धरून ठेवतात. पुन्हा ओल लागली की सोडून देतात.

शहापूर-वडगावात मागाच्या खडखडाटात वाढलेल्यांना हे पटकन कळेल. सुती ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायच्या आधी पांजणी करतात. ताणा लांब पसरून ताणायचा, त्याला खळ लावायची आणि कुंचा एकाच दिशेने फिरवत न्यायचा, म्हणजे सुतावरची सुटी तुसं खाली बसतात आणि तशीच वाळतात. ताण, ओल, एका दिशेने फिरणारा कुंचा आणि त्याच स्थितीत वाळवणं. पार्लरमध्ये ब्लो-ड्राय करणारी मुलगी याहून वेगळं काही करत नाही. फरक एवढाच की सुतावर खळ राहते आणि केसावर नुसते कच्चे बंध. त्यामुळे टिळकवाडीत सकाळी बसवलेले केस खानापूर ओलांडेपर्यंत टिकत नाहीत यात ब्रशचा दोष नाही, पार्लरवालीचा तर नाहीच.

म्हणून ओल्या दुखण्यात ब्रशला करता येण्यासारखं काम वाळताना असतं, वाळल्यावर नव्हे. केस अर्धे-पाऊण वाळले असताना त्यांना समांतर धरणं, सारखा ताण देणं आणि त्यांतून हवा जाऊ देणं. एकदा पूर्ण वाळलेले वळणदार केस पावसाळ्यात कोरड्या ब्रशने विंचरले तर उलट होतं. वळणांचे गट सुटतात, प्रत्येक केस एकटा पडतो आणि फुलारा वाढतो. कुरळ्या केसांच्या मुलींना "नीट विंचरून ये" म्हणणाऱ्या शाळेतल्या बाईंना हे कुणीतरी सांगायला हवं.

कोरडं दुखणं

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घासले की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. केस इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो आणि धनभारित होतो. पॉलिप्रॉपिलिन, पॉलिथिलिन, सिलिकॉन, टेफ्लॉन हे पदार्थ ते पटकन घेतात. ज्या रंगीत कंगव्यांचे ढीग गणपत गल्लीत हातगाड्यांवर लागतात त्यांतले कितीतरी पॉलिप्रॉपिलिनचे असतात. कोरड्या दिवसांत असा कंगवा फिरवला की प्रत्येक केसावर धनभार बसतो, सारख्या भाराचे केस एकमेकांना ढकलतात, म्हणून ते पसरून उभे राहतात. मुळात फुगलेले नसतानाही केस विस्कटलेले दिसतात ते असे.

दमट हवेत हा भार टिकत नाही, कारण केसावरची ओल तो वाहून नेते. त्यामुळे जुलैत अँटिस्टॅटिक, म्हणजे भार साठू न देणारा, ब्रश विकत घेणं म्हणजे उन्हाळ्यात रेनकोट घेणं. पण डिसेंबर ते मार्चमध्ये त्याला अर्थ आहे. केसाशी ज्याची इलेक्ट्रॉनची देवघेव कमी होते असा पदार्थ निवडायचा, किंवा भार वाहून नेणारा. इलेक्ट्रॉन देणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत पदार्थांची यादी लावली तर नायलॉन केसाच्या बराच जवळ बसतो, म्हणून पॉलिप्रॉपिलिनपेक्षा बरा. लाकूड मध्यावर आहे आणि त्यात थोडी ओल असते, म्हणून लाकडी फणीने केस कमी उडतात. आजीची फणी उगाच चांगली नव्हती. कार्बनचे कण मिसळलेलं प्लॅस्टिक भार हाताकडे वाहून नेतं, त्यातून तो अंगावरून निघून जातो. धातूचे दात मात्र रबराच्या उशीत रोवले आणि मूठ प्लॅस्टिकची ठेवली तर भाराला जायला वाटच उरत नाही. असे ब्रश दुकानात सर्रास दिसतात.

डुकराच्या राठ केसांचे ब्रश या बाबतीत उजवे, कारण तेही केराटिनच. केस केसावर घासला तर देवघेव फारशी होत नाही. शिवाय त्या राठ केसाचं टोक दुभंगलेलं असतं आणि अंगावर खवले असतात, त्यामुळे ते मुळाजवळचं तेल उचलून टोकापर्यंत पसरवतात. केस चमकतात ते तेल सारखं पसरल्यामुळे. पण आपल्या भागात हा उपाय सरसकट चालत नाही. मुसलमान घरात डुकराचा केस चालणार नाही, चिकोडी-निपाणीकडच्या जैन आणि शाकाहारी लिंगायत घरांतही चालणार नाही, आणि बाकीच्यांतही ब्रश कशाचा आहे हे कळल्यावर कितीजणी तो देवघराच्या खोलीत ठेवतील याची मला शंका आहे. घायपाताच्या जातीतल्या एका वनस्पतीचा टॅम्पिको नावाचा तंतू जगभर ब्रशांत वापरतात, तो एक पर्याय आहे. दुसरा म्हणजे बारीक नायलॉनचे दाट झुपके, ज्यांची टोकं घासून गोल केलेली असतात. तेल पसरवण्यात ते थोडे कमी पडतात, पण धुवायला सोपे. तेल लावणाऱ्या घरात हा गुण लहान नाही.

दात किती जाड असावा

आता मूळ मुद्दा, म्हणजे ब्रशचा दात. कंगव्याचा कडक दात गुंत्यात अडकला की तो गुंत्याला टोकाकडे ढकलत नेतो. गुंता आणखी आवळतो, मग एकतर केस तुटतो, नाहीतर खवले ओरबाडले जातात. दात वाकणारा असेल तर जोर एका मर्यादेपुढे जातच नाही. दात मागे झुकतो, केस त्याच्यावरून निसटतो आणि पुढच्या फेरीला गुंता थोडा सैल झालेला असतो. डिझाइन म्हणजे ही मर्यादा कुठे ठेवायची ते ठरवणं.

गणित तुळईचं आहे, सिव्हिलची पोरं बाल्कनीसाठी करतात तेच. एका टोकाला रोवलेली गोल काडी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. नायलॉनचा ताठपणा २ गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) धरा. दात १४ मिलिमीटर लांब आणि १.२ मिलिमीटर जाड असेल तर त्याचं टोक ५ मिलिमीटर झुकवायला सुमारे ११० ग्रॅमचा जोर लागतो. तोच दात ०.८ मिलिमीटरचा केला तर २२ ग्रॅम पुरतात. जाडी एक तृतीयांशाने कमी, जोर पाचव्या हिश्श्यावर. एक निरोगी, जाडसर केस साधारण १०० ग्रॅमला तुटतो. त्यामुळे १.२ मिलिमीटरचा दात एकट्यादुकट्या अडकलेल्या केसाला तोडू शकतो, ०.८ चा तो बहुतेक वेळा सोडून देतो. हातात घेतल्यावर दोन्ही ब्रश सारखेच दिसतील. जाडी मोजायचं व्हर्नियर लावल्याशिवाय फरक कळायचा नाही.

मग सगळे दात केसाएवढे बारीक का करू नयेत? कारण मऊ दात दाट केसांत शिरतच नाही, वरच्या थरावरून घसरून जातो. वर गुळगुळीत, आत गुंता तसाच. म्हणून चांगल्या ब्रशांत दोन उंचींचे दात असतात. लांब दात आत शिरून गुंता उकलतात, आखूड आणि दाट दात मागून येऊन वरचे केस बसवतात. लांब दातांच्या ओळी एकमेकींच्या मागे सरळ रेषेत ठेवायच्या नाहीत, एकाआड एक सरकवायच्या, म्हणजे मागच्या दाताला पुढच्याने मोकळा केलेला नव्हे तर राहिलेला केस सापडतो.

नायलॉनची एक खोड लक्षात ठेवायला हवी. तोही पाणी पितो. नेहमीचं नायलॉन ६ पाण्यात पूर्ण भिजलं तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी घेतं आणि मऊ पडतं. म्हणजे पावसाळ्यात केस बदलतो तसा ब्रशही बदलतो. जो दात मार्चमध्ये ठीक वाटला तो ऑगस्टमध्ये ढिला लागतो. नायलॉन ६१२ हा प्रकार बरंच कमी पाणी घेतो. दात घासायच्या ब्रशात ते वापरतात ते याचसाठी, आणि केसांच्या ब्रशातही वापरावं, थोडं महाग पडलं तरी. जाता जाता, नायलॉन बाजारात पहिल्यांदा आलं तेही १९३८ साली टूथब्रशच्या दातांच्या रूपाने. साड्या आणि मोजे नंतरचे.

टोक, शिवण आणि उशी

मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकची बारीक धार निघते. शेडमध्ये आम्ही तिला फ्लॅश म्हणतो. स्वस्त कंगवा उजेडात धरून दाताच्या कडेवरून नख फिरवा, मुळापासून टोकापर्यंत गेलेली ती शिवण लागेल. कितीतरी कंगव्यांत ती नखाला टोचते. माणसाच्या नखाला जी धार जाणवते ती अर्ध्या मायक्रॉनच्या खवल्याचं काय करत असेल? रोज शंभर वेळा ती धार त्याच केसांवरून फिरते. महागडं सीरम लावून वर असला कंगवा फिरवणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं.

यावर तोड अशी की दात मोल्डमधून त्याच्या लांबीच्या दिशेने उपसून काढायचा, म्हणजे शिवण बुडाशी येते आणि दाताच्या अंगावर राहत नाही. पण मग दाताचं टोक पोलादातल्या एका खोल, बंद भोकाच्या तळाशी तयार होतं. वितळलेलं प्लॅस्टिक आत घुसताना तिथली हवा अडकते, दाबाने तापते, आणि टोक अपुरं राहतं किंवा करपतं. म्हणून तळाला हवा निघण्यापुरती फट ठेवावी लागते, हवा जाईल पण प्लॅस्टिक जाणार नाही इतकी बारीक. ब्रश खरेदी करणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण गालावर ब्रश हलकेच दाबून बघितला तर अपुरी टोकं लगेच टोचतात. दुकानदार बघत असला तरी बघावं.

दाताच्या टोकावरची गोळी ही वेगळी भानगड आहे. दातापेक्षा जाड गोळी अशा खोल भोकातून सरळ बाहेर येत नाही, म्हणून ती बहुधा नंतर करतात. एकतर दाताचं टोक वितळवून फुगवतात, नाहीतर ते इपॉक्सी नावाच्या चिकट राळेच्या घोळात बुडवतात. पहिली गोळी दाताचाच भाग असते. दुसरी चिकटवलेली, ती काही महिन्यांत एकेक करून गळते. गोळी गळलेला दात उघडा पडतो आणि डोक्याला ओरखडे काढतो. इतकंच नाही, अर्धवट सुटलेल्या गोळीच्या फटीत केस अडकतो आणि तुटतो. गोळ्यांपेक्षा अर्धगोल टोक मला जास्त पटतं. टिकतं, आणि अडकायला काही उरत नाही.

रबराच्या उशीची कल्पना जुनी आहे. लंडनच्या मेसन पिअरसन यांनी १८८५ साली हवेच्या उशीवरचा ब्रश आणला. अमेरिकेत लिडा न्यूमन या कृष्णवर्णीय बाईंनी १८९८ साली ब्रशचं पेटंट घेतलं, त्यात कचरा साफ करायला उघडता येणारा कप्पा आणि हवा खेळायला वाट होती. उशीमुळे प्रत्येक दात स्वतंत्रपणे मागे सरकतो, म्हणून डोक्याच्या गोलाईवर सगळ्या दातांचा दाब सारखा पडतो. उशीला एक बारीक भोक असतं, ते विसरून राहिलेलं नाही. दाब पडला की हवा तिथून बाहेर जाते. काहीजणी त्यावर टेप लावतात, तसं करू नये.

घरी तपासून बघायचं असेल तर

कारखान्यात केसांच्या झुपक्यावरून ब्रश यंत्राने ओढतात आणि लागणारा जोर मोजतात. तो झुपका कुठून येतो? गळालेल्या केसांचा गुंडा भिंतीच्या फटीत जपून ठेवून, दारावर येणाऱ्या बाईला देऊन त्याबदली स्टीलचं भांडं घेतलेलं अनेकांनी पाहिलं असेल. त्या केसांचा मोठा व्यापार कोप्पळजवळच्या भाग्यनगरात चालतो, तिथे केस उकलून, धुऊन, लांबीप्रमाणे लावून जगभर जातात.

घरी एवढं लागत नाही. बॅगा तोलायचा हुकवाला काटा ब्रशच्या मुठीला बांधा आणि त्याला धरून विंचरा. ज्या ब्रशने काट्यावरचा आकडा कमी राहतो तो ब्रश केसांना कमी ओढतो. खांद्यावर पांढरा पंचा टाकून त्यावर पडलेले केस बघा. लांब केस, एका टोकाला पांढुरकी बारीक गाठ, तर तो आपणहून गळालेला. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. आखूड तुकडा आणि गाठ नाही, तर तो ब्रशने तोडला.

दमट हवेतली परीक्षाही करता येते. घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाचं इतकं दाट पाणी ठेवा की तळाला न विरघळलेलं मीठ उरेल. त्या डब्यातली आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांजवळ स्थिरावते. एकाच डोक्याच्या केसांचे दोन झुपके दोन ब्रशांनी बसवून पाण्याला न टेकता त्यात टांगा, आणि तासाभराने काळ्या कापडासमोर धरून फोटो काढा. जो झुपका जास्त पसरला, त्याच्या ब्रशने बसवलेलं दमट हवेत कमी टिकतं. खोक्यावरच्या दाव्यांपेक्षा हा फोटो खरा.

आयनिक आणि गरम ब्रशांबद्दल थोडक्यात सांगते. ऋण आयन सोडणारं यंत्र केसावरचा धनभार कमी करतं हे खरं, म्हणजे अथणीच्या जानेवारीत त्याचा उपयोग. कणकुंबीच्या जुलैत भारच नसतो, तिथे नुसती वीज खर्च. गरम ब्रश ओल्या केसांवर कधीही फिरवू नये. केसाच्या आतलं पाणी उकळून वाफ होते आणि केसात फुगे पडतात, पुढे तो तिथेच तुटतो. वाळलेल्या केसांवर कमी तापमानाला चालतो, पण पावसाळ्यात त्याने बसवलेलं फार वेळ टिकत नाही, कारण कच्चे बंध शेवटी हवेच्याच ताब्यात असतात.

विंचरायची रीत ब्रशपेक्षाही जास्त फरक पाडते. गुंता अंघोळीआधी, केस कोरडे असताना काढायचा. ओला केस लवकर ताणला जातो, त्याचं घर्षणही वाढतं. खूप कुरळे केस मात्र कंडिशनर लावून ओले असतानाच रुंद दातांनी उकलणं बरं. कंडिशनरमधला धनभारित भाग झिजलेल्या, ऋणभारित खवल्यांवर चिकटतो आणि दात सहज सरकतो. सुरुवात टोकापासून, एका हाताने गुंत्याच्या वरची बट घट्ट धरून. आया-आज्या हे न शिकवता करतात. अंघोळीआधी खोबरेल लावायच्या त्यांच्या सवयीलाही आधार आहे. मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना जाणारं प्रथिन वाचवतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं घडलं नाही.

ब्रशची निगा राखायची तर अडकलेले केस दर दोन-तीन दिवसांनी काढावेत, नाहीतर नव्या केसांना जुन्या केसांचाच गुंता लागतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात शाम्पू टाकून जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी घासावं. उशीचा ब्रश पाण्यात बुडवून ठेवू नये, भोकातून पाणी आत जातं आणि आपल्या पावसाळ्यात ते आठवडा आठवडा वाळत नाही, आत बुरशी धरते. दात खाली करून पंच्यावर पालथा ठेवावा. लाकडी मुठीला पाणी लावूच नये. आणि गोळ्या गळायला लागल्या किंवा दात एकीकडे कायमचे झुकले की तो ब्रश केसांसाठी संपला. शेगडीची जाळी घासायला तो पुढे वर्षभर चालतो.